गोवळकोंड्यावरची भाकरी

डाळजला आमच्या शेताच्या बांधावर उभं राहिलं की पुणे-सोलापूर रस्ता दिसतो आणि त्या रस्त्यानं दिवसभर हैदराबादच्या गाड्या जातात. माझे थोरले भाऊ, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणतं, ते लहानपणापासून त्या गाड्या बघत आले. ऊस तोडताना, पेरूला पिशव्या घालताना, पाण्याची दारं धरताना. पण कधी एका गाडीला हात केला नाही. "आपलं काय काम हाय तितं?" एवढंच म्हणायचे.

मग काम निघालं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न बारामतीत झालं आणि वर्षाच्या आत जावयाला नोकरी लागली ती थेट हैदराबादला. पोरगी ज्या दिवशी तिकडं गेली, त्या दिवसापासून आबा त्या गाड्यांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. शेवटी एकदा मला म्हणाले, "बारक्या, रस्ता पुढं कुठं जातो ते बघून यायचं का?"

माझी पन्नाशी उलटली, डोक्यावर चांगला चंद्र उगवला, पण घरात मी अजून बारक्याच. मी एका पायावर तयार झालो. हैदराबाद म्हणजे बिर्याणी, इराणी चहा, चारमिनार! मी गावच्या जत्रेत नाटकात दोनदा बादशहा झालेलो होतो. खऱ्या बादशहाचं गाव बघायचं माझं जुनं स्वप्न.

निघताना आबांनी लेकीसाठी ज्वारीचं पोतं भरलं आणि तोंड स्वतः शिवलं. आबांची शिवण गावात ओळखू येते. दाभणानं तिरके टाके आणि शेवटी दुहेरी गाठ, तीही डाव्या अंगाला. पोत्याशेजारी त्यांनी एक पाण्याचा मोठा कॅन ठेवला.

"आबा, हैदराबादला पाणी मिळतं," मी म्हणालो.

"मिळत असंल. पण लेकीच्या घरचं चालत न्हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं जुनी रीत आहे. लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता कोण पाळतं? कुणीच नाही. फक्त आबा पाळतात.

"आन् तू बी न्हाय," ते मला म्हणाले. "चुलता म्हंजी बापच."

सकाळी आम्ही पोत्यासकट पुतणीच्या दारात उतरलो. उंच इमारत, चकचकीत लिफ्ट. पोत्याकडं बघून लिफ्टमधल्या एका बाईंनी पदर सावरला. दार उघडलं आणि तुपातल्या शिऱ्याचा असा वास आला की माझे डोळे मिटले. पुतणीनं आबांच्या पायाला हात लावला आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. आबांनी शांतपणे आपल्या कॅनचं झाकण उघडलं.

"आबा! हितं पण?"

"रीत ती रीत. छपराखाली झोपायला चालतं. खायला-प्यायला न्हाय."

"तूप घालून शिरा केलाय मी."

"जावयाला घाल."

जावई बिचारा सोफ्याच्या कडेवर बसून दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. पुतणीनं मला हाताला धरून बाल्कनीत नेलं. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलेलीही होती. दोन्ही एकदम कसं जमतं हे फक्त आमच्या घरच्या बायकांना माहीत.

"काका, माहेरी असताना मी कधी धड भाकरी थापली न्हाय. आबा म्हणायचे, हिच्या भाकरीचा नकाशा होतो. वर्षभर शिकले मी, रोज थापून. आबांनी माझ्या हातचा एक घास खाल्ल्याशिवाय त्यांना गाडीत बसू देणार न्हाय. तुमी माझ्या बाजूनं का त्यांच्या?"

"तुझ्या," मी म्हणालो. "पण आधी बिर्याणी खाऊ दे."

खरं सांगतो, त्या रिवाजानं माझी चंगळ झाली. घरात खायचं नाही म्हटल्यावर बाहेर खाणं आलंच! पहिल्याच सकाळी एका इराणी हॉटेलात शिरलो. संगमरवरी टेबलं, वर गरगरणारे पंखे, आणि चहा असा दाट की चमचा उभा राहील असं वाटावं. सोबत खारट-गोड बिस्किटं. आबांनी बिस्कीट बुडवलं, तोंडात टाकलं आणि लगेच दुसरं उचललं.

"कसं हाय?" मी विचारलं.

"आणखी सांग," ते म्हणाले.

दुपारी बिर्याणी. वेटरनं विचारलं, "क्या होना चाचा?" त्यानं एवढं मोठं ताट आणून ठेवलं की आमच्यासमोर भाताची टेकडी उभी राहिली. आबांनी ती चारी बाजूंनी न्याहाळली. मग खाली वाकून ताटाखाली पण बघितलं.

"रस्सा कुठाय?"

"आबा, बिर्याणीला रस्सा नसतो."

"मटण केलं आन् रस्सा न्हाय? मग पाहुण्यांनी कशात बुडवायचं?"

शेजारी मिरच्यांच्या सालनाची छोटी वाटी होती. आबांनी ती उचलली आणि ओठाला लावून एका दमात रिकामी केली. वेटर हातातला पाण्याचा जग तसाच धरून उभा राहिला. आबांनी मिशी पुसली. "ह्यो रस्सा बरा हाय. पण कंजूष लोक दिसत्यात, वाटी लई बारकी." त्या पोरानं हसत हसत सालनाचं अख्खं भांडंच आणून ठेवलं. तिथून निघेपर्यंत ते दोघं मित्र झाले होते. तो आबांना म्हणे "चाचा, फिर आना" आणि आबा त्याला म्हणे "डाळजला ये, रस्सा दाखवतो."

चारमिनारसमोर मी अंगातला बादशहा जागा करून हात पसरून उभा राहिलो. आबांनी वर बघितलं, खाली बघितलं. "एवढं बांधलं, पण राह्यला खोली न्हाय." बाजूच्या बांगड्यांच्या बाजारात मात्र ते अडकले. लाखेच्या, खड्यांच्या, लखलखत्या बांगड्या. लेकीसाठी घेतल्या, वहिनीसाठी घेतल्या, आणि दुकानदाराला पेरूची छाटणी कधी करावी हे समजावून आले. त्यानं हे का विचारलं, मला अजून माहीत नाही. बहुतेक त्यानं विचारलंच नव्हतं. हुसेनसागरच्या काठावर सगळे लोक फोटो काढत होते, तर आबा म्हणाले, "उजनीच्या पाण्याम्होरं हे डबकं." आणि आसपासच्या चार जणांनी मान वळवून बघितलं.

असे आम्ही शहर खात-बघत फिरत होतो आणि रोज संध्याकाळी घरी आलो की पुतणी ओट्याशी उभी असायची. एका संध्याकाळी वांग्याचं भरीत, एका संध्याकाळी मासवडी. तिनं बोलावायचं, आबांनी "पोट गच्च हाय" म्हणायचं, आणि मी त्यांच्या शेजारी बसून वास घेत मनातल्या मनात जेवायचं. कॅन संपल्यावर आबा दुकानातून पाण्याच्या बाटल्या आणायला लागले. पुतणी मग भांडी जरा जोरात ठेवायची.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. जावयाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, बारामतीत असतात. त्यांचं बोलणं आबा टाळत नाहीत. मी त्यांना गुपचूप फोन लावला, सगळी कथा सांगितली आणि म्हणालो, "तुमी एक शब्द टाका, मग ते जेवत्यातच." मग मोठ्या ऐटीत फोन आबांच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला.

"आबा, मी ऐकलं," विहीणबाईंचा आवाज घुमला. "तुमी लेकीच्या घरचं पाणी सुदिक घेत न्हाय म्हणं?"

"व्हय बाई. रीत हाय."

"लई ग्वाड वाटलं बघा! आजकाल कोण पाळतंय? आमच्या भावकीत सांगणार हाय मी, सोयरा असावा तर असा!"

आबांची छाती एवढी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या ताणल्या. पुतणीनं माझ्याकडं असं बघितलं की मी सोफ्यावरची उशी उचलून तोंडासमोर धरली.

परतीच्या दिवशी गोवळकोंडा राहिला होता. सकाळी पुतणी आणि जावई यांची स्वयंपाकघरात बरीच कुजबुज चालली होती. मी पोत्यावर बसून बूट घालत होतो. निघताना पुतणीच्या खांद्याला एक जड पिशवी होती आणि तिनं मला डोळा मारला.

गोवळकोंड्याची एक गंमत आहे. खालच्या मोठ्या दरवाज्यात घुमटाखाली उभं राहून टाळी वाजवली की तिचा आवाज पार वर टेकडीच्या माथ्यावर ऐकू येतो. शत्रू आला की बादशहाला कळावं म्हणून. जावई म्हणाला, "आबा, तुम्ही वर जा. मी इथून टाळी वाजवतो. ऐकू येते का बघा."

आम्ही तिघं चढलो. आबांचे गुडघे कुरकुरत होते, पण तोंड नाही. माथ्यावर वारा होता, खाली सगळं शहर पसरलेलं. आणि खरंच, कुठून तरी टप्प असा आवाज आला. मग पुन्हा टप्प.

आबा पोरासारखे हसले. "जावई वाजवतोय? तेवढ्या लांबून?" त्यांनी मला फोन लावायला सांगितला आणि ओरडले, "ऐकू आली! आणखी वाजवा!" फोनची गरजच नव्हती, जावयाला तसंच ऐकू गेलं असतं.

दगडी कट्ट्यावर पुतणीनं पिशवी उघडली. फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी. पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. भाकरी गोल. इतकी गोल की नकाशा म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आबांचा चेहरा बदलला. "बाई, हे तुझ्या घरचं हाय."

"घरी खायचं न्हाय अशी रीत हाय ना? हे घर हाय का? हे बादशाचं घर हाय. विचारा काकांना, बादशा हायेत ते."

मी लगेच छाती पुढं काढली. "आमची परवानगी आहे."

"अन्न तिच्या घरचं हाय की रं."

"ज्वारी तुमच्याच पोत्यातली हाय, आबा," पुतणी म्हणाली. "सकाळी दळून आणली."

मी सकाळी त्याच पोत्यावर बसलो होतो. डाव्या अंगाची दुहेरी गाठ माझ्या हाताला लागली होती, जशीच्या तशी. पण मी नाटकात काम केलेला माणूस आहे. माझ्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

आबा खालच्या शहराकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तसं न्हाय बाई. जावई वर येईल आन् बघंल. बापानं लेकीच्या संसारात हात घातला असं त्याला वाटू नये. तुला कधी कुणी एक शब्द बोलू नये, म्हणून हे सगळं हाय."

खालून टाळी आली. टप्प.

"ऐकलं?" पुतणी म्हणाली. "ते खालीच हायेत. टाळी वाजतीय तोवर कुणी वर येत न्हाय. तुमी खा."

आबांनी तिच्याकडं बघितलं. मग भाकरीकडं. हात जरासा पुढं आला, थांबला. पुन्हा टाळी वाजली. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावले. पुतणी त्यांच्या तोंडाकडं बघत होती, परीक्षेचा निकाल भिंतीवर लागत असावा तशी.

"कशी झाली?"

आबांनी घास गिळला. "तुझ्या आईची जरा जाड असती," एवढंच म्हणाले आणि दुसरा तुकडा मोडला. मग तिसरा. मग ठेचा मागितला. मग कांदा हातावर फोडला. मी पण हात मारला. इतक्या दिवसांच्या वासाचा सगळा हिशेब चुकता केला. टाळ्या चालूच होत्या. मधे जरा खंड पडला तशी पुतणीनं गुपचूप फोनवर काहीतरी टाइप केलं, आणि टाळ्या पुन्हा जोरात सुरू झाल्या. बाकीचे पर्यटक कानोसा घेऊन एकमेकांना विचारत होते, आज खाली एवढं कोण आलंय?

शेवटचा घास संपला, पुतणीनं रिकामे डबे पिशवीत घातले, आणि बऱ्याच वेळानं जावई धापा टाकत वर आला. त्याचे तळहात लालभडक झाले होते.

"ऐकू आली का, आबा?"

"आली की," आबा मिशा पुसत म्हणाले. "चांगली वाजीवता तुमी. पोट भरलं ऐकून."

संध्याकाळी आम्ही सामान बांधलं. आबा निरोप घेताना स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. कोपऱ्यात पोतं होतं. तिरके टाके, डाव्या अंगाला दुहेरी गाठ. पुतणीच्या लक्षात आलं आणि ती जागच्या जागी थिजली. मी उगाच छताकडं बघायला लागलो.

आबांनी वाकून गाठीवर बोट फिरवलं.

"बाई, हे पोतं लवकर उघड. न्हायतर कीड लागंल." ते दाराकडं वळले आणि परत फिरले. "आन् पुढच्या खेपंला ह्यातली भाकरी कर. बघू कोणती बरी लागती."

मग त्यांनी हातातला डाळजचा रिकामा कॅन तिच्यापुढं धरला.

"ह्यात पाणी भर वाटंला. लांबचा रस्ता हाय."

तिनं कॅन नळाखाली धरला. तो भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं, आणि नळ बंद करायला कुणी पुढं झालं नाही.