मानेची मेहनत

निजामाच्या अमलात हिंगोलीच्या तालमीत एक वस्ताद होता. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. नवा गडी आला, की तो डोळे मिटून त्याचं अंग चाचपायचा आणि ज्याची त्याची मेहनत वेगळी ठरवायचा. एकाला नुसते दंड, एकाला बैठका. मला मात्र फक्त मानेची मेहनत, आणि वरून भिजवलेले हरभरे.

"वस्ताद, मला कुस्ती काहून शिकवत न्हाई तुमी?" मी एकदा विचारलं.

"मला तुझी मानच पायजे," तो म्हणाला.

वर्षभरात माझी मान खरंच बैलासारखी झाली. मग एका दुपारी तो आपल्या आंधळ्या आईला तालमीत घेऊन आला. आम्हाला ओळीनं उभं केलं. तिनं एकाचे खांदे चाचपले, दुसऱ्याच्या मांड्या चाचपल्या. वस्ताद हळूच मला म्हणाला, "माझा भाऊ पूर्णेच्या पुरात वाहून गेला. अंग घावलंच न्हाई. तुमच्यात त्याचं अंग थोडं थोडं जमवून राहिलो, मायसाठी."

म्हातारीचे गार हात माझ्या मानेवर येऊन थांबले.

"आलास व्हय रं?" तिनं विचारलं.

वस्ताद माझ्याकडं बघत होता.

मी म्हणालो, "व्हय, माय."