न झालेल्या लढाईचे ओरखडे

आमच्या इमारतीच्या सामायिक जिन्यात बसून शेजारची मेघना परग्रहावरच्या लढाईच्या सिनेमातली बंदूक बनवत होती. बिघडलेला हेअर ड्रायर, पाइपचा तुकडा, कुकरची जुनी शिट्टी आणि वर चंदेरी रंग. जिना अडवणे नियमबाह्य आहे. लेखी तक्रारीपूर्वी तोंडी समज द्यावी म्हणून मी खाली उतरलो, तर ती त्या कोऱ्या रंगावर पॉलिश पेपर घासत होती.

"रंगवलंस ते खरवडतेस कशाला?"

"नवी दिसली तर खोटी वाटते, काका. उद्या वेशभूषा स्पर्धेत परीक्षक आधी तेच बघतील. जरा धरा."

मी धरली. माझा अंगठा टेकला होता तिथलाच रंग तिने हलक्या हाताने उडवला.

"पकड घट्ट आहे हो तुमची. तक्रारी लिहून लिहून."

हा सरळसरळ बनावट पुरावा. तरीही मन थाऱ्यावर राहिले नाही. मी आयुष्यभर कार्यालयांशी भांडलो, स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे धाडली. त्या खऱ्या लढायांची झीज कुठे उमटली? तिकडच्या भिंतींवर तर साधा ओरखडाही नाही. वर येऊन तक्रार लिहायला पेन उचलले. अंगठ्याखालचा त्याचा सोनेरी मुलामा केव्हाच उडून गेला होता.

तक्रार मी दिलीच. जिना मोकळा करण्याची मुदत मात्र स्पर्धेनंतरची घातली.