सव्वीस जानेवारीचं तोरण

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हा मी अमरावतीच्या कचेरीत कारकून होतो. वाटेत देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या बायांच्या रांगेत एक माळीण बसे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. हार ओवताना दोऱ्याचं टोक दातांत धरून ती तशीच गिऱ्हाइकाशी बोले.

एकोणीसशे तीसच्या सव्वीस जानेवारीला देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली, तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला ती ठेवणीतलं लुगडं नेसून येई, दुकानाला झेंडूचं तोरण बांधी आणि दिवसभर एकही फूल विकत नसे.

एका वर्षी हवालदार तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"आज कोणता सण हाय, बाई? पंचांगात तं नाही."

"आमच्या राज्याचा हाय."

"राज्य साहेबाचं हाय. काढ ते तोरण."

"राज्य येईन तवा येईन, भाऊ. सण आमी आतापासूनच करून राहिलो."

त्याने तोरण ओढून काढलं आणि तिला ठाण्यावर नेलं. संध्याकाळी सोडलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी हार ओवत बसली होती.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी देवळापाशी आलो आणि थांबलोच. रांगेतल्या प्रत्येक दुकानाला तोरण होतं आणि फुलं कोणीच विकत नव्हतं. समोर तोच हवालदार काठी टेकून उभा होता. इतक्या बायांना तो नेणार तरी कुठे?

माळणीने माझ्यापुढे शिऱ्याचा द्रोण धरला.

"घ्या बाबूजी, सणाचा हाय."

नोकरी सरकारची होती. तरी तो शिरा मी भर रस्त्यात, हवालदाराच्या देखत, सावकाश खाल्ला.