पडली तर उचलणार कोण?

नौबादच्या आमच्या घरासमोर ती मोटारसायकल पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा गल्लीतली माणसं नवी म्हैस बघायला यावीत तशी एकेक करून येऊन गेली. कुणी टायर दाबून बघितलं, कुणी सीटवर हात फिरवला. "अण्णा, वर चढायला शिडी बी दिलीय का न्हाई?" असं शेजाऱ्यानं विचारलं आणि सगळे मनमोकळं हसले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे डोंगरदऱ्यांतून हिंडायचं धूड कशाला लागतं, हे सरळ कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि तिकडचीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. लेक-जावई दोघं नोकरीला जातात आणि नातू आजीशिवाय घास घेत नाही. मीही तिथं राहून बघितलं, पण त्या फ्लॅटात मी कुठंही बसलो तरी कुणाच्या तरी वाटेत यायचो. परत आलो. इकडं बी-बियाण्याचं दुकान मी आधीच पुतण्याच्या हवाली केलं होतं. दुपारी घरात पंख्याचा आवाज ऐकत बसायचं, एवढंच काम उरलं होतं. मला घराबाहेर काढील असं काहीतरी हवं होतं, म्हणून ही गाडी घेतली.

बायको फोनवर रागावली नाही. तिनं एकच विचारलं, "पडली तर उचलणार कोण?"

ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं.

आडरानात गाडी कशी चालवायची ते शिकवायला हैदराबादहून एक जण आला होता. गावाबाहेरच्या लाल मुरमाच्या माळावर आम्ही जमलो. बाकी सगळी पोरं पंचविशीतली. उभं राहून चालवायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, वाळूत घाबरून पुढचा ब्रेक दाबायचा नाही, असं तो सांगत होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाकाकडं बघायचं नाही, जिकडं बघाल तिकडंच गाडी जाते. मी दगडाकडं बघायचो आणि इमानदारीनं दगडावर जाऊन आदळायचो. पोरं धावत यायची, गाडी उभी करायची आणि पुन्हा आपापल्या गाडीवर बसायची.

निघताना शिकवणाऱ्यानं मला बाजूला घेतलं. "चाचा, अकेले नक्को जाओ. साथ में एक बंदा होनाच."

आता हा बंदा आणायचा कुठून? त्या पोरांनी आपापसात टोळकं केलं. मला कुणी नको म्हटलं नाही, पण चल असंही म्हटलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू. मग मी ठरवलं की गाडी एकट्यानं उचलता आली पाहिजे. एकदा ते जमलं की कुणाला विचारायची गरज नाही, आणि बायकोच्या प्रश्नाचंही उत्तर होईल.

रोज सकाळी मी माळावर जायचो आणि चांगली उभी असलेली गाडी हळूच आडवी करायचो. मला वेड लागलंय असंच बघणाऱ्याला वाटलं असतं, पण बघायला कुणी नव्हतंच. हँडल वळवायचं, सीटला पाठ लावून खाली बसायचं, एक हात हँडलला, एक हात मागच्या दांडीला. मग पायांनी जमीन रेटत उलटं उलटं चालायचं. पाठ लावल्यावर गाडी तसूभर हलायची आणि परत निजायची. माझ्या तोंडून दुकानात कधी न काढलेल्या शिव्या बाहेर पडायच्या. मांड्या भरून यायच्या. घरी येऊन मी स्वतःच्याच हातानं तेल चोळायचो.

एका सकाळी ती उठली. अचानक, जणू रोज अशीच उठते. मी तिला स्टँडवर टेकवली आणि आपसूक मागं वळून बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. माळावर एक टिटवी ओरडत होती. मी बायकोला फोन लावला. "उचलली! एकट्यानं!" तिकडं कुकरची शिट्टी वाजत होती, नातू रडत होता. "बरं, बरं," ती म्हणाली. "जेवलाव का?" मी जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो.

मग येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्या भागात घरी कुणी थांबत नाही. अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारून त्यात पांडवांची पूजा करायची, आणि मग सगळ्या भाज्या-शेंगांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. वाटसरूलासुद्धा हाक मारून बसवायचं. आम्ही व्यापारी, आमचं शेत नाही, पण दरवर्षी इतकी आमंत्रणं यायची की कुणाकडं जायचं यावरून आमची नवराबायकोची खडाजंगी व्हायची. यंदा एकही आलं नाही. पुतण्याला मात्र आली. तेव्हा कळलं, आमंत्रणं दुकानाला होती.

गल्ली सकाळीच ओस पडली. मी गाडी काढली आणि राजेश्वर गावाच्या पुढं डांबरी सोडून एका गाडीवाटेला लागलो. काळं रान, दोन्ही बाजूंना कमरेइतकी ज्वारी. मी उभा राहून छान चालवत होतो. तेवढ्यात डाव्या हाताला कोप दिसली. भोवती पंगत बसलेली, बायका वाढतायत, कुणीतरी मोठ्यानं हसतंय. मी तिकडं बघितलं. गाडीही तिकडंच निघाली, चाक चाकोरीत शिरलं आणि आम्ही दोघं आडवे झालो.

लागलं काहीच नव्हतं. मी उठलो, सवयीनं हँडल वळवलं, पाठ टेकवली, हात जागेवर ठेवले. पाय रेटायचे तेवढे बाकी होते. शेतातून पुन्हा हसण्याचा आवाज आला. मी हात सोडले आणि गाडीशेजारी बांधावर बसून राहिलो.

थोड्या वेळानं पंगतीतले चौघं उष्ट्या हातांनीच धावत आले.

"ओ अण्णा, लागलं का?"

"न्हाई."

"एकलेच कामून फिरायलाव? येवढं धूड एकल्याला उचलतंय व्हय?"

"न्हाई उचलत," मी म्हणालो.

त्यांनी हात धोतराला, प्यांटला पुसले आणि बसलेला बैल उठवावा तसा हुंकार देत गाडी उभी केली. मी बाजूला उभा राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. मग त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं माझा दंड धरला. "चला. आज शेतावरनं उपाशी कुणी जात न्हाई." एका अक्कानं पानात भज्जी वाढली, नको म्हणेपर्यंत वर आंबील ओतली. मी कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. मी पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो.

संध्याकाळी घरी आलो तर बायकोचा फोन.

"जेवलाव का?"

"जेवलो. येळवस जेवलो." आणि मग पडल्याचंही सांगून टाकलं.

"मग उचलली कुणी?"

"चौघं आले होते," मी म्हणालो. माझ्या आवाजात ऐट होती, सुवर्णपदक मिळाल्यासारखी.

ती हळू म्हणाली, "पन तुम्हाला तर एकल्याला उचलता येत होती की."

मला वाटलं होतं, त्या सकाळी कुकरच्या आवाजात तिनं ऐकलंच नव्हतं. तिकडं नातू तिला हाका मारत होता. तिनं ओ दिली नाही, फोनही ठेवला नाही.