वेशीवरले काटे

कोरोना आला तवा आमच्या गावानं वेशीवर बोराटीचे काटे टाकले. आदल्या सांजंला समदे देवळाम्होरं जमलते. भाईरचं कुणी आत घ्यायचं न्हाई, आतलं भाईर गेलं तर परत घ्यायचं न्हाई. कबूल असंल तर हात वर करा म्हणले. समद्यांनी केले. मी बी केला. म्हातारी माणसं, लेकरं जगावीत म्हणून.

अन् मग माजी लेक पुण्याहून आली. दिवस भरलेली. जावयाचं काम बंद पडलतं, म्हणून भाजीच्या टेम्पोत बसून दोघं निगाले. टेम्पोवाला त्यांना वेशीवर उतरवून गेला. मी पळत गेले, तर लेक काट्यापल्याड दगडावर पोट धरून वाकलेली. कळा सुरू झालत्या. अँबुलन्सला फोन लावला, तर ती दुसऱ्या गावाला गेलती.

काट्यापाशी राखणीला आमचा शेजारी. माज्या लेकीला त्यानं खांद्यावर खेळवलेलं. त्याची जीप त्याच्या घराच्या दारातच उभी.

"अण्णा, काटे सरकव. हुमनाबादच्या दवाखान्यात सोड हिला."

"न्हाई जमायचं, अक्का."

"कामून? लेकरू आडलंय."

"तिला बसवलं की मी बी भाईरचा. घरात माजी माय धापा टाकायलीय. अन् समद्यांनी ठरवलंय न्हवं? तू बी हात वर केलतीस."

हात वर करताना माज्या डोळ्याम्होरं कुणी परकं माणूस व्हतं. माजी लेक न्हवती.

तिकडनं लेक म्हणली, "माय, त्याला काय इचारत बसलीस? तू ये."

मी लुगडं वर खोचलं अन् काट्यावरनं गेले. पायात काटे मोडले ते नंतर कळलं.

"अक्का, गेलीस तर तुला बी आत घेता यायचं न्हाई," अण्णा मागनं म्हणला.

जावयानं डांबरी रोडवर पळत जाऊन लॉरी थांबवली. डायवरनं कुठून आलाव म्हणून इचारलं न्हाई. दवाखान्यात पोचलो अन् घडीभरात नात झाली. डागदरीण म्हणली, आजून उशीर झाला असता तर दोघी बी हाती लागल्या नसत्या. ते ऐकून मी फरशीवर बसले अन् पायातले काटे काढाय लागले.

वेशीवरले काटे निगाल्यावर आमाला गावात घेतलं. बारशाला समदे आले. अण्णा बी आला, बाळाला काळे मणी घेऊन.

"कुणावर गेली गं अक्का ही?" म्हणला. मधी काय झालंच न्हाई जणू.

मी त्याला चहा दिला. त्याची माय जगली, माजी लेक जगली. तरी आजून मी त्याच्या घरचं पाणी पीत न्हाई. लेक इचारती, कामून म्हणून. मला सांगता येत न्हाई.