खुशाल म्हणून कळवा

सास्तूरच्या नव्या गावात फौजीचं घर विचारलं, तर रस्त्यावरचा माणूस उलट विचारतो, "कोणत्या फौजीचं?" सरवदे म्हटलं की तो हात लांब करून मालनबाईंचं घर दाखवतो. मालनबाईंचे सासरे गोरोबा महार रेजिमेंटमध्ये होते. नवरा नागसेन त्याच रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि काही वर्षांपूर्वी वारले. मुलगा संघपाल आज हवालदार आहे, जम्मूच्या वरच्या डोंगरात असतो. नात पौर्णिमा लष्करी पोलिसांत मुलींची भरती असते म्हणून रोज पहाटे लोहाऱ्याच्या रस्त्यावर पळायची. त्या घरातून सैन्यात जाणारी ती चौथी पिढी. मागं राहून घर चालवणारं माणूस मात्र नवऱ्याच्या वेळेपासून एकच.

मालनबाई सातवीपर्यंत शिकल्या. नवरा सीमेवर असताना त्या कुळव धरायला शिकल्या, कारण सालगडी ठेवणं परवडत नव्हतं. गावात कुणाचा नवरा नव्यानं फौजेत गेला की त्याची बायको आधी मालनबाईंकडे येते. कँटीनचं कार्ड कसं काढायचं, पलटणीला फोन कधी करायचा, रजा नामंजूर झाली तर कुणावर चिडायचं आणि कुणावर नाही, हे त्या सांगतात. शेवटी प्रत्येकीला एकच ताकीद देतात, "तिकडं रडगाणं कळवायचं न्हाय."

ही ताकीद गोरोबांची. एकाहत्तरच्या लढाईत ते पश्चिम सीमेवर होते. त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या जवानाला घरून पत्र आलं की बायको खाटेला खिळली आहे. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आखून दिलेली वाट सोडून चालला आणि सुरुंगावर पाय पडला. त्याला उचलणाऱ्यांत गोरोबा होते. लढाई संपवून घरी आले ते हा कायदा घेऊनच. फौजेतल्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही. खुशाल म्हणून कळवायचं. जे काही झालं असेल ते तो रजेवर आल्यावर सांगायचं, आणि तेही पहिल्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी जेवण, दुसऱ्या दिवशी बातम्या.

मालनबाईंनी तो कायदा मनापासून पाळला. विहीर ढासळली, बैलाला साप चावला, लहानग्या संघपालला विषमज्वर झाला, तरी पत्रात सगळे खुशाल असायचे. नागसेन रजेवर आले की दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या भांडी बाजूला सारून बसायच्या आणि वर्षभराचं वाईट एका बैठकीत सांगायच्या. त्या दिवशी शेजारीपाजारी त्या घरात पाऊल टाकत नसत.

त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव पडलं तेव्हा नागसेन आसामात होते. मालनबाईंनी संघपालला स्वतःच्या हातांनी दगडमातीतून ओढून काढलं. सासू सापडली, पण जिवंत नाही. ढिगारे उपसायला सैन्य आलं. त्यातल्या एका अधिकाऱ्याला कळलं की या घरचा माणूस आपलाच आहे. तो म्हणाला, तुमचा निरोप बिनतारी यंत्रावरून पलटणीला देतो, काय सांगू? मालनबाईंनी सासऱ्याकडे पाहिलं. गोरोबांच्या अंगावरची धूळही अजून झटकलेली नव्हती. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "खुशाल म्हणून कळवा, साहेब."

निरोप पोचला. घरचे सुखरूप आहेत हे कळल्यावर नागसेन यांनी आपली रजेची पाळी किल्लारीकडच्या एका जवानाला दिली, त्याच्या घरच्यांचा काहीच पत्ता लागत नव्हता. स्वतः ते पुढं थंडीत आले. गावाच्या जागी पत्र्याची शेडं होती. शेडात शिरून बूट काढता काढता त्यांनी विचारलं, "आई कुठं हाय?"

त्या वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहता आली नाही. सांगितल्यावर ते बापाला एक शब्द बोलले नाहीत. बायकोला एवढंच म्हणाले, "पुढच्या बारीला तू तरी सांग."

मालनबाईंनी मान हलवली. पण सांगितलं नाही. पुढच्या खेपेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सुरुंगावर गेलेला तो जवान त्यांनी कधी पाहिला नव्हता, तरी तो डोळ्यांपुढून हलत नसे. सांगितलं आणि नवऱ्याचा पाय वाकडा पडला तर? मग नवरा निवृत्त होऊन धडधाकट घरी आला. संघपालची वीस-बावीस वर्षांची नोकरीही सुखरूप चालली होती. कायदा चुकीचा आहे असं त्यांना वाटावं असं काही घडलंच नाही.

गेल्या पावसाळ्यात सोयाबीन खुरपताना मालनबाईंची छाती भरून आली. त्या बांधावर बसल्या आणि उठता येईना. सून प्रीतीनं त्यांना जीपमध्ये घालून उमरग्याला नेलं. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं. हृदयाची रक्तवाहिनी अडली आहे, दोन दिवसांत सोलापूरला न्या, तिथं ती मोकळी करावी लागेल, म्हणाले. जिवाला धोका आहे का, असं प्रीतीनं विचारलं. "उशीर केला तर आहे," डॉक्टर म्हणाले.

खाटेवर पडल्या पडल्या मालनबाईंनी पहिला हुकूम सोडला, "संघपालला कळवायचं न्हाय."

प्रीतीनं मान खाली घालून पिशवी आवरायला घेतली. पौर्णिमा गप्प बसणारी नव्हती. "आजी, तुझ्या छातीत अडलंय, अन् पप्पांना सांगायचं सोयाबीन चांगलं हाय?"

"सोयाबीन चांगलंच हाय की."

"उद्या तुला काय झालं म्हंजे?"

"काय होत न्हाय. अन् झालं तर तुझी आई हाय सांगायला. तो रजेवर आल्यावर."

"दुसऱ्या दिवशी. जेवण झाल्यावर," पौर्णिमा म्हणाली.

"व्हय. तू बी शीक. उद्या तुला बी जायचंय."

"मला असं जायचंच न्हाय," पौर्णिमा म्हणाली आणि उठून बाहेर व्हरांड्यात गेली. मालनबाईंना हे पोरीचं रागातलं बोलणं वाटलं. प्रीती मात्र दाराकडे पाहत राहिली. गेला पंधरवडाभर ती अशीच कमी बोलत होती. शेतातल्या कामाच्या शिणानं असेल, असं मालनबाईंनी धरून घेतलं होतं.

दुपारी संघपालचा फोन आला. मालनबाईंनी प्रीतीच्या हातातून तो घेतला, घसा साफ केला आणि उशीला टेकून बसल्या.

"जय भीम, आई. खुशाल?"

"जय भीम, बाबा. खुशाल. शेतात हाय. खुरपायलेय."

"एवढ्या उन्हात?"

"ढगाळ हाय इकडं. तू कुठं हाईस?"

"चौकीवर. लई थंडी पडलीय."

"व्हिडिओ का करंना झालास रे? तोंड दिसंना झालंय तुझं."

"नेटवर्क न्हाय, आई."

इतक्यात नर्स आत आली. तिला या घरचा कायदा ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती मोकळ्या आवाजात म्हणाली, "मालनबाई सरवदे, हात लांब करा, बीपी बघायचंय." मालनबाईंनी घाईनं फोन पदरात दाबला. पुन्हा कानाला लावला, तर पलीकडून एक दांडगा आवाज येत होता, "हवलदार सरवदे, टाँग मत हिलाओ! प्लास्टर अभी गीला है."

नर्स हातात पट्टा घेऊन उभीच.

मग संघपाल म्हणाला, "आई, शेतात बीपी कोण बघायलंय?"

"अन् तुझ्या चौकीवर तंगडी कुणाची हलायलीय?"

शेजारच्या खाटेवरची बाई फसकन हसली. मालनबाईंना हसू आलं नाही. त्यांनी फोन बंद केला आणि सुनेकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"व्हय, आत्या." प्रीती सासूला आत्या म्हणते. "त्यांची गाडी घसरली. पाय दोन जागी मोडलाय. पहिलं प्लास्टर काढून दुसरं घालणार म्हणाले होते. तुमाला कळू द्यायचं न्हाय म्हणाले. तुमच्या काळजाला झेपायचं न्हाय, म्हणून."

"अन् माझं त्याला?"

"तुमी सांगू नको म्हणालाव. म्या कुणाकुणाचं ऐकू, आत्या? त्यांना घरचं कळवायचं न्हाय, तुमाला त्यांचं कळवायचं न्हाय. दोघांचं पोटात घेऊन म्या रोज दोन भाकरी बडवायलेय."

आवाज ऐकून पौर्णिमा दारात आली होती. तिला बापाचा पाय मोडल्याचं आत्ता, परक्या दवाखान्यात, एका नर्सच्या आणि एका अनोळखी बाईच्या समोर कळलं. ती ओरडली नाही. आजीला म्हणाली, "म्या भरतीला जात न्हाय. उद्या म्या तिकडं असताना तू खुशाल म्हणालीस, तर मला काय समजायचं? तू हाईस, का गेलीस? तुमच्या घरात दोन्हीला एकच शब्द हाय."

नर्सनं बीपी मोजलं. ते वाढलेलं होतं. तिनं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

बाहेर जाताना पौर्णिमानं पाहिलं, आजी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मालनबाई त्या वेळी मनानं पत्र्याच्या शेडात होत्या. बूट काढणारा नवरा, अर्धा सुटलेला एक बंद, आणि त्याचं ते एक वाक्य. तेव्हा मान हलवली होती ती कशाला, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. सासऱ्यांचा कायदा एका माणसाच्या मरणातून आला होता, तो खोटा नव्हता. पण त्यांनी तो पहाऱ्यावरच्या माणसासाठी केला होता. नवरा आसामात चोवीस तास पहाऱ्यावर नव्हता. तो बराकीत येत होता, जेवत होता, झोपत होता. त्याला सांगायला जागा होती. ती कुणी शोधली नाही.

संध्याकाळी त्यांनी प्रीतीला आत बोलावलं. "लाव त्याला फोन. पौर्णिमाला बी बोलव."

फोन लागल्यावर मालनबाई हवालदाराच्या बायकोला शोभेल अशा क्रमानं बोलल्या. छातीत कधी भरून आलं, डॉक्टर काय म्हणाले, सोलापूरला कधी जायचं, धोका किती. एक गोष्ट गाळली नाही, एक वाढवली नाही. मग म्हणाल्या, "आता तुझं."

संघपालनं सांगितलं. बोलता बोलता त्याचा आवाज एकदा अडकला, तेव्हा मालनबाई थांबून राहिल्या. राहू दे म्हणाल्या नाहीत.

सोलापूरचं काम नीट झालं. संघपाल आजारपणाच्या रजेवर आला तो कुबड्या घेऊनच. एक महिना मायलेक एकाच घरात, एक खाटेवर आणि एक खुर्चीवर. प्रीती दोघांनाही औषधं द्यायची आणि दोघांनाही बोलून घ्यायची. मालनबाई तिला उलट बोलल्या नाहीत. गावातल्या बायका भेटायला आल्या की मालनबाई आता जुनी ताकीद देत नाहीत. आधी माणूस पहाऱ्यावर आहे का विचारा, म्हणतात. असेल तर खुशाल म्हणा आणि फोन ठेवा. नसेल तर सगळं सांगा. एकीनं विचारलं, "सांगितल्यावर त्यांना झोप न्हाय लागली तर?" मालनबाई म्हणाल्या, "न्हाय लागू दे. त्याचंच घर हाय."

पौर्णिमा पुन्हा पळायला लागली ती आजीनं समजूत घातली म्हणून नव्हे. समजूत घालणं मालनबाईंना जमत नाही. सोलापूरहून आल्यावर एका सकाळी त्यांनी नातीला तिचे बूट नेऊन दिले आणि म्हणाल्या, "तुला खोटं सांगणार न्हाय. पटतंय का बघ." पोरीनं दोन दिवस घेतले. भरतीत तिची निवड झाली.

आता ती बंगळुरूला प्रशिक्षणात आहे. रविवारी तिला तासभर फोन मिळतो. परवाच्या रविवारी मालनबाईंनी आधी विचारलं, "ड्युटी संपली?"

"संपली."

"जेवलीस?"

"जेवले."

"मग बस खाली. काल डॉक्टरकडं गेले होते. आणखी एक नस अडलीय म्हणाले. औषधावर ठेवलंय, तीन महिन्यांनी परत बघणार हायेत."

पलीकडे पौर्णिमा रडली. मालनबाईंनी तिला रडू दिलं. रडणं थांबल्यावर म्हणाल्या, "आता तुझं सांग."

"माझं लई हाय, आजी. पळायच्या चाचणीत मागं पडले. परत द्यायचीय."

मालनबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "सांग," त्या म्हणाल्या.