हणमंत पैलवानांचा खांदा

हणमंत पैलवानांचा डावा खांदा सकाळी साडेनऊच्या आधी कधीतरी गळून पडला. मी दुकानाचं शटर वर केलं तेव्हा प्लायवूडवर नुसता पांढरा गोंद दिसत होता आणि खाली वर्तमानपत्रावर मातीचं एक ढेकूळ. उचलून वजन केलं. एक किलो दोनशे ग्रॅम. पुण्यतिथीला सतरा दिवस उरले होते.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. त्याआधी आम्ही उस्मानाबादेत मोडायचो. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, आणि प्रत्येक कार्यालयाला बोर्ड लागतो. मी बोर्ड पेंटर. आर्ट टीचरचा डिप्लोमा केलेला होता, पण पोट चालत होतं ते 'जिल्हा लातूर' या दोन शब्दांवर. कार्यालयांतून फिरून फिरून ओळखी झाल्या आणि त्यातून हे काम आलं. नव्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये हणमंत पैलवानांचं चित्र लावायचं होतं. सहा फूट बाय चार फूट. पुण्यतिथीला अनावरण.

हणमंत पैलवान जन्मानं मुखेडकडचे. नाव झालं ते लातूरला. त्यांची कुस्ती असली की एसटीच्या टपावर माणसं बसून यायची. एवढं नाव, पण फोटो एकच मिळाला. स्टुडिओतला. कोट, फेटा, मनगटावरचं घड्याळ दिसेल असा हात पुढे. मी तो टेबलावर ठेवून दोन दिवस बघितला. त्या फोटोतला माणूस बँकेचा मॅनेजर वाटत होता.

मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, जत्रेत, नऊ वर्षांचा असताना. कुस्ती संपवून ते आमच्या पुढून गेले. चेहरा आठवत नाही. पाठ आठवते. पाठभर तांबडी माती चिकटलेली आणि त्यात चार बोटांच्या चार कोऱ्या रेघा, धरायला गेलेल्या समोरच्याच्या हाताच्या. त्यानं धरलं होतं आणि त्याला धरवलं नव्हतं, हे सगळं त्या चार रेघांत होतं. माझ्या डोक्यात चित्र आलं ते तिथून.

साहेबांकडे गेलो. व्यायामशाळेचं काम त्यांच्या खात्याचं.

"साहेब, पैलवानांची पाठ काढावी म्हणतो."

"पाठ? पाहुणे हार काय पाठीला घालणार?"

"मग कुस्ती झाल्यावर खाली वाकून माती कपाळाला लावतात, ती पोझ घेतो. पाठही दिसेल, चेहराही."

"हं. ते चालेल."

"आणि अंगावरची माती खरी लावतो. त्यांच्याच आखाड्यातली. याला मिक्स्ड मीडिया म्हणतात साहेब. रंगाबरोबर दुसऱ्या वस्तूही चित्रातच बसवायच्या."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "पेंटर, मीडिया कुठलाही करा. पुण्यतिथीला सकाळी चित्र भिंतीवर नसलं तर मी तो कोटातला फोटो मोठा करून लावणार. फ्रेम सांगून ठेवलीय."

मुखेडला गेलो. हणमंत पैलवानांना लहानपणी शिकवलेले वस्ताद हयात होते, सत्तरी ओलांडलेले. आखाडा बंद होता. माती मऊ राहायला तिच्यावर रोज पाणी शिंपावं लागतं, आणि दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. टँकर चार दिवसांआड. पोरं जनावरं घेऊन चारा छावणीवर गेलेली. आखाड्यातली माती दगडासारखी झाली होती. वस्तादांनी ती स्वतः पहारीनं उकरून दिली.

"हणमंता जायच्या आदी आटवडाभर हितं येऊन बसला व्हता," ते म्हणाले. "म्हनला, वस्ताद, मातीला पानी द्या. म्या म्हनलं, मानसाला न्हाई, कुटून देऊ? त्याचं यवढं एक ऐकायचं ऱ्हायलं बगा." पोत्याचं तोंड शिवताना म्हणाले, "न्या. पन पायाखाली पडू द्यायची न्हाई. अन् हितं तर मरून राहिली, तुमच्याकडं तरी जित्ती ठिवा."

वीस किलो भरली. परतीच्या एसटीत कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "काय हाय?"

"माती."

"माती? लातूरला माती न्हाई का?"

"हणमंत पैलवानांच्या आखाड्यातली आहे."

त्यानं पाय काढला. वाकून शिवणीतनं चिमूटभर बाहेर काढली, कपाळाला लावली आणि पुढच्या सीटकडे गेला. सामानाचं तिकीट फाडायचं राहिलं. मी त्याला आठवण करून दिली तर म्हणाला, "बसा हो गुमान."

आखाड्याची माती शेतातल्यासारखी नसते. तांबडी माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवतात. अंगाला खरचटलं तर चिघळू नये म्हणून. असं वर्षानुवर्षं चालतं. हे मला माहीत होतं. तेलावर गोंद धरत नाही हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र आठवल्या त्या खांदा पडल्यावर. नशीब, तोवर फक्त खांदाच केला होता.

मी तर्कानं चाललो. तेल अडचण करतंय, तर तेल काढा. तीन किलो माती घमेल्यात घेतली, धुण्याचा सोडा टाकला आणि घरात आलेल्या दोन घागरींतली एक ओतली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"मानसाला प्यायला न्हाई अन् तुमी मातीला आंघोळ घालून राहिलात?"

"सरकारी काम आहे."

"मग सरकारच्या घागरीत घाला की!"

पिवळं तेलकट पाणी निघालं. पायाखाली जाऊ नये म्हणून ते दारातल्या कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं. माती वाळली, गोंदावर लावली, आणि पक्की बसली. हातोडीनं ठोकून बघितलं, कण हलला नाही. यात तीन दिवस गेले. मी खूश होतो.

चौथ्या दिवशी वस्ताद आले. न सांगता, मुखेडहून एसटीनं. प्लायवरच्या मातीला नाक लावलं. मग पोत्यातली चिमूट घेतली, तिलाही नाक लावलं.

"वास कुटं गेला?"

"धुतली वस्ताद. तेल होतं, चिकटत नव्हती."

"डोळे मिटा," ते म्हणाले. आधी एक चिमूट माझ्या नाकाशी धरली, मग दुसरी. पहिलीला हळदीचा, आंबट ताकाचा, घामाचा वास होता. दुसरीला कसलाच नव्हता.

"वळकली का, हणमंताची कंची?"

"पहिली."

"मंग? आमी तीस वर्स घातलेलं तुमी येका दुपारी काडलंत. अशी माती तर सडकंच्या कडंला बी हाय, पेंटर. त्याच्यासाठी मुखेडला कशाला आलात?"

आवाज चढवला नव्हता. पाणीही न घेता ते बसस्टँडकडे गेले. चौदा दिवस उरले होते. धुतलेली माती चालवून घेतली असती तर चित्र वेळेत झालं असतं, साहेबांना फरक कळला नसता. मला कळला असता. मी बसवलेला खांदा पटाशीनं खरवडून काढला.

उत्तर दुकानातच होतं. खिडकीच्या काचेला पेंटर लोक जी लांबी भरतात, ती म्हणजे खडूची पूड आणि उकळलेलं जवसाचं तेल. आठ दिवसांत दगड होते. मी ती वीस वर्षं मळत होतो. तेल काढायचंच नव्हतं. आणखी घालायचं होतं.

पोत्यातली न धुतलेली माती घेतली. चार तुकड्यांवर चार प्रमाणं करून बघितली. पाच भाग माती, एक भाग तेल, हे बसलं. थर जाड दिला तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं, म्हणून सुताएवढा पातळ थर, आणि दर थराला तीन दिवस. या चाचण्यांत दोन दिवस गेले. उरले बारा. म्हणजे चार थर, पाचवा नाही. पकड यावी म्हणून प्लायवर बारीक खिळे अर्धवट ठोकले आणि त्यांना सुतळी विणली. धुतलेली माती मागच्या आभाळाला वापरली. दुष्काळातल्या आभाळाचा रंग तिला आपोआपच आला होता. शेवटचा थर तीन दिवस आधी दिला आणि ओल्या पाठीवर चार बोटं ओढली. चेहरा, कान, डोळा मात्र ऑइल पेंटचे. पैलवानाचा कान तुटका-सुजका असतो, तो तसाच ठेवला.

पुण्यतिथीला सकाळी सातला चित्र भिंतीवर होतं. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर. फोटोत पाहुणे आणि चित्र दोन्ही यावेत म्हणून. नारळ फुटला, पडदा बाजूला झाला, भाषणं झाली. वस्तादांना मी निरोप पाठवला होता. ते शेवटच्या रांगेत बसले होते.

भाषणं संपल्यावर ते उठले. चित्रापुढे आले, नाक लावलं. मग वाकले, चित्रातल्या पैलवानाच्या पंजाजवळची माती बोटांनी घासली आणि ती बोटं कपाळाला लावली. त्यांच्या मागे एक पैलवान आला, त्यानंही तेच केलं. मग रांगच लागली. माझा चौथा थर तीन दिवसांचा होता, अजून कच्चा. मी त्रेसष्ट माणसं मोजली आणि मोजणं सोडून दिलं. शेवटी पंजाजवळ तळहाताएवढी सुतळी उघडी पडली.

"पेंटर," साहेब धावत आले, "उद्या काच लावून घ्या!"

"काचंला कपाळ लावायचं का साहेब?" वस्ताद म्हणाले.

काच लागली नाही.

पोत्यात पावणेसात किलो माती उरली होती. ती परत न्या म्हटलं तर वस्ताद म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लागंल तुमाला." पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि मुखेडच्या आखाड्यावर पाणी पडलं. तेव्हापासून पुण्यतिथीच्या दहा दिवस आधीपासून मी हॉलमध्ये जातो आणि पंजाजवळचा खड्डा थराथरानं भरून देतो. दर वर्षी पाऊण किलोच्या आसपास लागते. पोतं संपल्यापासून माती मुखेडहून येते, ताज्या ताकाच्या वासाची. एसटीनंच येते, तिकीट न फाडता.

शिकलो ते एवढंच. माती किती, तेल किती, थर किती, सगळं मी मोजलं होतं. माणसांचा हात चित्रापर्यंत पोचतो का, एवढं मोजायचं राहिलं, ते साहेबांच्या तीन फुटांनी जमलं. ही माती नुसती बघायची नसते, हे कंडक्टरनं पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मी तेव्हा तिकिटाकडे बघत होतो.